पुस्तके मिटून बसायचा गुरुवार

बाई, तुम्हांला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. मी तुमच्या नात्याची नाही, तुमच्या शेवटच्या दिवसांत तुमच्या उशाशी नव्हते, आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीत गेलेल्यांशी बोलण्याची रीत नाही हे तुम्हीच आम्हांला शिकवलेत. एकदा कबरस्तानातून परतताना आमच्यातले कुणीतरी मागे वळून कबरीला "येतो आजी" म्हणाले, तेव्हा तुम्ही चालता चालताच म्हणाला होतात, "थे झोपले हायेत, बाप्पा. त्याइले उठवू नका. काही सांगाचं असंन तं देवाले सांगा." देवाला मी सांगितले आहे, सलग सात दिवस. तो ऐकतो याबद्दल मला शंका नाही. तरीही जे सांगायचे आहे त्यातला बराचसा भाग तुमच्या स्वयंपाकघरातला आहे, आणि तिथले साक्षीदार आपण दोघीच होतो.

गेल्या मंगळवारी अकोल्याच्या पाळकांचा फोन आला. हे नवे पाळक, तुम्ही त्यांना पाहिलेले नाही. महाविद्यालयातल्या मुलामुलींसाठी तुम्ही घेत होतात तो पवित्र शास्त्राचा वर्ग पुन्हा नीट सुरू करावा अशी मंडळीची इच्छा आहे. मंडळी त्याचा भार उचलेल, सभागृहामागच्या तुमच्या दोन खोल्या राहायला देईल, मात्र शिकवणारीने पूर्ण वेळ यावे, असे ते म्हणाले. त्यांनी माझे नाव कुठून काढले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. आज सायंकाळी मंडळीच्या वडीलजनांची सभा आहे आणि तिच्याआधी त्यांना होय किंवा नाही एवढेच हवे आहे. मी इथे अमरावतीत एका मिशन शाळेचे ग्रंथालय सांभाळते. पुस्तकांना क्रमांक देते, फाटलेल्या पाठींना कापडी पट्टी लावते, आणि ज्या खोलीत बोलण्याला मनाई आहे त्या खोलीत दिवसाचे सहा तास अत्यंत सुखाने काढते. आईला फोनबद्दल सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले आणि मनापासून हसली. "तू? तू शिकवशीन? दुधवाल्याशी बोलतानी तं दाराआड उभी रायतं!" तिचे म्हणणे खरे आहे. दुधवाला गेली सहा वर्षे मला माझ्या आवाजापेक्षा हातातल्या दुधाच्या गंजावरूनच ओळखत असावा.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले तो गुरुवार मला स्वच्छ आठवतो, कारण त्या दिवशी मी पूर्ण तयारीनिशी आले होते. अमरावतीच्या मराठी शाळेतून पहिली आलेली, मंडळीच्या शब्बाथशाळेतल्या पाठांतराच्या स्पर्धांत सतत बक्षिसे मिळवलेली मुलगी. अकोल्यात शिकायला आले तेव्हा माझ्याजवळ एवढेच भांडवल होते. महाविद्यालयाच्या मागच्या फाटकासमोर मंडळीचे लांबट सभागृह, त्यात दोन सतरंज्या, एक टेबल आणि तुम्ही. तास संपवून नऊ-दहा जण येत. त्यांत मंडळीची मुले निम्मीच. बाकीची वर्गमित्रांच्या ओळखीने आलेली, आणि काही, वर्गानंतर तुम्ही बेसनवड्यांचा रस्सा जेवू घालायचात म्हणून, तुम्ही उघडपणे म्हणायचात तशी, "पातोडीच्या वासानं आलेली". कोण कुठल्या घरचे, कोण कशाला आले, हे तुम्ही कधी विचारले नाही आणि आम्हांलाही विचारू दिले नाही. उतारा दोनदा मोठ्याने वाचून झाला की तुम्ही टेबलावर हात आपटता. "मिटा. आना इकडं." सगळी पुस्तके टेबलावर एकावर एक रचली जातात, आणि एकाने उठून तो उतारा रिकाम्या हातांनी सांगायचा. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बोट केले. चार जणांनी आपल्या पंगू मित्राला घराच्या छपरातून येशूपुढे खाली सोडले, तो उतारा होता. मी उभी राहिले, नजर समोरच्या खिडकीच्या गजावर ठेवली, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकही विराम न चुकवता म्हणून दाखवला. शाबासकीची वाट पाहत मी उभी आहे. तुम्ही म्हणता, "झालं? आता सांग."

"सांगितला की, बाई."

"थे तं छापलेलं हाय. त्याले आमी आताच ऐकलं. तू सांग."

माझ्याकडून काय अपेक्षित आहे तेच कळेना. मी खाली बसले. तुम्ही मला पुन्हा उभे केले नाहीत, रागावलाही नाहीत. सरळ तिवशाच्या शेतकरी घरातल्या एका मुलीकडे वळलात. ती खरोखर पातोडीसाठी येत असे आणि तिने ते पुस्तक त्याआधी कधी हातात धरले नव्हते. ती उठली, ओढणी कमरेला खोचली आणि जणू तिच्याच गल्लीत घडले असावे तसे सांगू लागली. "घरात हे मोप गर्दी. बाजीवरचा माणूस दारातून जाऊनच नाही राहिला. तं हे चौघं चढले वर, आन् लागले कवेलू काढाले. खालून घरवाला वरडला असंन, काहून रे लेकहो, माह्यं घर काहून उसकटून राहिले?" सभागृह हसून हसून लोळायच्या बेतात आले. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली माझी मैत्रीण बोलली. तिच्या वडिलांचे अकोल्यात कापूस पिंजून गाद्या-रजया भरण्याचे दुकान होते. परतताना मला सोबत व्हावी म्हणून ती माझ्यासाठी थांबे आणि थांबायचेच तर आत बसे. ती म्हणाली, "बाई, एक बात सांगा. तो माणूस चालत घरी गेला, सगळे खूश. मग छप्पर दुरुस्त कोणी करून दिलं?" तुम्ही म्हणालात, "मले माहीत नाही, बेटा. लिहिलं नाही. पण कोनी तरी केलंच असंन, नाही का?" मला धक्का बसला. ज्यांना मंडळी याच कामासाठी मानधन देते त्या शिक्षिकेने, दहा जणांसमोर, इतक्या सहजपणे "माहीत नाही" म्हणावे! त्या दिवशी मनातल्या मनात मी तुम्हांला शंभरातून पस्तीस गुण दिले होते. हेही कबूल करून टाकते.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात वर्ग चालवण्याची पाळी माझ्यावर आली. पुस्तके मिटून काय होते ते मी पाहिले होते, म्हणून मी दुसरा उपाय केला: सगळे लिहून काढले. प्रश्न लिहिले, मुले काय उत्तरे देतील ती लिहिली, त्या उत्तरांना द्यायची उत्तरे लिहिली, आणि शेवटची प्रार्थनासुद्धा लिहिली. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, तेव्हा कागद कुणाला दिसणार, हा माझा हिशेब. आपल्याकडे विनंत्यांची वही असे. कुणाला कशासाठी प्रार्थना हवी ते तीत लिहायचे आणि शेवटी प्रत्येकाचे नाव घ्यायचे. घाईत मी त्या वहीचे मागचे पान उतरवून घेतले. महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करणाऱ्या एक ताई आपल्याकडे नेमाने येत. त्या दिवशी त्या पहिल्यांदाच नवऱ्याला घेऊन आल्या होत्या, लग्नाला जेमतेम दोन आठवडे झालेले, हातांवरची मेंदी पुरती उतरलेली नाही. आणि मी डोळे उघडे ठेवून, शुद्ध आणि घडीव मराठीत वाचते आहे: "आणि हे स्वर्गीय पित्या, आमच्या या बहिणीला तुझ्या इच्छेनुसार लवकरात लवकर सुयोग्य वर मिळू दे." मग त्या नवऱ्याने खणखणीत आवाजात "आमेन!" म्हटले, आणि मिटलेल्या डोळ्यांची ती सगळी सभा हसत सुटली. ताईंनी पदरात तोंड लपवले. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "अर्ज जरासा उशिरा पोचला, पन मंजुरी आधीच झालती." मी चप्पल न घालता सभागृहाबाहेर गेले आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले, कारण दुसरीकडे जाण्याजोगी जागा त्या आवारात नव्हती.

थोड्या वेळाने तुम्ही आलात. सांत्वनाचे काही बोलाल असे वाटले होते. तुम्ही माझ्या मांडीवर कांद्यांची टोपली ठेवलीत. "चीर. रडाचं असंन तं कांद्याच्या निमित्तानं रडून घे." कढईत तेल तापते आहे, तुम्ही बेसनाच्या वड्या कापता आहात, सभागृहातले हसणे अजून भिंतीतून ऐकू येते आहे. मी म्हणाले, माझी चूक झाली, मी चुकीचे पान उतरवले, पुढच्या वेळी तारीख तपासून घेईन. तुम्ही सुरी थांबवलीत. "पानाची चूक नाही वं. थे ताई तुह्या समोर बसली होती. गळ्यात काळी पोत, हातावर मेंदी, बाजूले नवरा. तू कागदाकडं पायत होती. एक डाव मान वर केली असती तं समजलं असतं." मग रश्शाला फोडणी देता देता, माझ्याकडे पाठ करून, "तुले चुकाचं लय भेव हाय. पहिली येते ना तू, म्हणून. पहिल्या येनाऱ्या पोरीले कोनी विचारतच नाही का तुले काय समजलं नाही." त्या वयापर्यंत मला कुणी रागावले नव्हते. शाळेत रागावण्यासारखे मी काही केलेच नव्हते. म्हणून ते शब्द मी नीट जपून ठेवले, एखादे प्रशस्तिपत्र ठेवावे तसे. फक्त ते आईला दाखवता येण्याजोगे नव्हते.

जेवणे झाल्यावर तुम्ही विनंत्यांची वही माझ्या हातात दिलीत. ही शिक्षा की बक्षीस, हे मला पुढे कित्येक महिने ठरवता आले नाही. नियम असा: प्रत्येक विनंतीसमोर एक रकाना आखायचा, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत त्या माणसाला गाठून, समोरासमोर विचारून, काय झाले ते त्यात लिहायचे. चिठ्ठी पाठवायची नाही, दुसऱ्याकडून विचारायचे नाही. ज्या मुलीला बसमध्ये वाहकाकडे तिकीटही मागवत नसे, तिने आता मुलांच्या वसतिगृहाच्या फाटकाशी उभे राहून "तुमच्या बाबांचा पाय कसा आहे?" असे विचारायचे. पहिला महिना मी वाक्ये पाठ करून गेले. नंतर पाठ केलेली वाक्ये पुरेनाशी झाली, कारण लोक उत्तरे देताना भलतीकडेच जात. पायाबद्दल विचारावे तर म्हशीबद्दल सांगत. परीक्षेसाठी प्रार्थना मागितलेला मुलगा परीक्षेला बसलाच नव्हता आणि ते त्याने फक्त मला सांगितले. पिंजाऱ्याच्या दुकानातल्या माझ्या मैत्रिणीने वहीत कधीच काही लिहिले नव्हते, एकदा तीच म्हणाली, "माझी खाला बीमार आहे. लिहिशील? तुझ्या पद्धतीनं कर, मी माझ्या पद्धतीनं करते." मी तिच्या मावशीसाठी लिहिले आणि दर आठवड्याला विचारत राहिले. खाला बऱ्या झाल्या, तेव्हा तुम्ही त्या रकान्यात तुमच्या वाकड्या अक्षरात फक्त "बेस झालं" असे लिहिलेत. अडीच वर्षे ती वही माझ्याजवळ होती. माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त बोलले ती हीच वर्षे, आणि सर्वांत जास्त आनंदातही तीच गेली.

यानंतरचे लिहायला मला वेळ लागतो आहे. पदवीनंतर मी अमरावतीला परतले, पुढचे शिक्षण घेऊ लागले. दुसऱ्या वर्षी तुमचा निरोप आला, भेटून जा. मी आले तेव्हा तुम्ही खाटेवर बसून होतात, पायांना सूज, आवाज मात्र तोच. तुम्ही आढेवेढे घेतले नाहीत. "गुरुवार तू घे. डागदर म्हणते आता माह्याच्यानं होनार नाही. पोरं हायेत, सभागृह हाय, मंडळी हो म्हणते." आणि मी, जिला उत्तर ठाऊक होते, म्हणाले, "बाई, मला बोलता येत नाही." तुम्ही मला ती वही आठवून दिली असती तर माझे खोटे तिथेच उघडे पडले असते. तुम्ही ती आठवून दिली नाहीत. "बरं. चाय पिऊन जाय, गाडीले वेळ हाय अजून." तो चहा मी पिऊन आले. महिना संपायच्या आत तुम्ही गेलात. गुरुवार काही दिवस कसाबसा चालला, मग बंद पडला. सतरंज्या लग्नकार्यांना जाऊ लागल्या असे कुणीतरी सांगितले. त्याला आता आठ वर्षे झाली. मी या आठ वर्षांत दुःखात बुडून राहिले असे म्हणाले तर ते खोटे होईल. माझे ग्रंथालय मला आवडते, आई बरी आहे, आम्हां दोघींचे चांगले चालले आहे. फक्त गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास मी काहीतरी काम काढून बसते.

फोन आल्यानंतर दोन दिवसांनी, म्हणजे गेल्या गुरुवारी, बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेले. पाळकांना कळवले नव्हते. नाही म्हणायचेच आहे तर जागा पाहून नाही म्हणावे, इतकाच विचार. सभागृहात आता खुर्च्या आहेत, भिंतीवर पांढरा पडदा आहे. मंडळी अधूनमधून कुणाला तरी बोलावून वर्ग भरवते, तसा त्या दिवसापुरता बाहेरगावाहून आलेला एक तरुण शिक्षक शिकवत होता. विहिरीवर दुपारच्या वेळी एकटी पाण्याला आलेली स्त्री आणि तिथे तिच्याशी बोलणारा येशू, हा उतारा. तो अभ्यासू होता, त्याच्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. पडद्यावर चार मुद्दे आले, प्रत्येकाखाली तीन उपमुद्दे. अठरा मुले होती आणि अठराही जणांच्या माना वह्यांत. शेवटच्या रांगेत माझ्या पुढ्यात बसलेल्या एका मुलीने सगळेच्या सगळे उतरवून घेतले, खाली पट्टीने रेघ मारली आणि वही मिटली. मी तिच्या अक्षराकडे पाहत होते. टपोरे, सरळ, एकही खाडाखोड नाही. तिच्या जागी मी बसले असते तर तसेच लिहिले असते.

वर्ग सुटल्यावर ती पायऱ्यांवर बसची वाट पाहत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले, आणि काय बोलायचे ते ठरवायच्या आत माझ्या तोंडून निघाले, "ती वही जरा पिशवीत ठेवतेस? आणि मला सांगतेस का, काय झालं त्या विहिरीवर?" ती घाबरली. "म्या? मले नाही येत, ताई. मी लिहून देऊ का?" मी म्हणाले, नको, मलाही येत नव्हते. तिने वही पिशवीत घातली. मग म्हणाली, "आमचं गाव खारपाणपट्ट्यात हाय. विहीर हाय, पन पानी खारट. गोड्या पान्याले माय दुसऱ्या गावच्या शिवारात जाते. समद्या बाया पहाटंच निंगतात, संगं. ज्या बाईले बोलनंच नको, थेच दुपारची एकटी जाईन." एवढे मला ठाऊक होते, ग्रंथालयातल्या शास्त्रावरच्या चार भाष्यांत ते आहे. पण ती आता थांबेना. "पन ताई, मंग थे घागर तिथंच टाकून गावात सांगाले पयाली ना! घरी पानी नाही, सैपाक रायला, लोकं जेवाले मांगतीन. एवढ्या उन्हाची आली पान्यासाठी आन् घागरच इसरली. काल लोक जिच्याशी बोलत नव्हते, तिले आज बोलाची एवढी घाई झाली!" आणि तिला स्वतःलाच हसू आले. त्या चार भाष्यांत स्वयंपाकाचा विचार कुणी केलेला नाही, बाई. मी पाहिले आहे. मग तिने विचारले, "तिचं नाव काहून नाही लिहिलं, ताई?" याची तीन उत्तरे मला पाठ आहेत, संदर्भांसह. मी म्हणाले, "माहीत नाही. तुला काय वाटतं?" तिची बस आली आणि गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या बसमध्ये ती चढली तेव्हा खिडकीतून ओरडून म्हणाली, "पुढच्या गुरुवारी असान का तुमी?"

आज दुपारी ग्रंथालयात, मधल्या सुट्टीनंतरच्या शांततेत, मी पाळकांना उत्तर लिहिले. तीनदा लिहून तीनदा खोडले. अखेर चार ओळी राहिल्या. शाळेला रीतसर सूचना देण्यासाठी महिनाभराची मुदत मागितली आहे, तोवर दर गुरुवारी अमरावतीहून जाऊन येईन, असे कळवले आहे. आईला अजून सांगायचे आहे. ती पुन्हा हसेल आणि मग मी तिथे काय जेवणार याची चौकशी करील. हे पत्र मी कुठेही पाठवणार नाही. तुमचा नियम मी इतका वेळ मोडला, तो इथपर्यंतच पुरे.

एक कबुली मात्र राहिली. पाळकांना मी लिहिले आहे की मंडळीची गरज पाहून हे काम नम्रपणे स्वीकारते. वाक्य सुरेख झाले आहे आणि ते खरे नाही. मला ते काम हवे आहे. तुम्ही खाटेवरून विचारलेत तेव्हाही हवे होते, इतके हवे होते की ते माझ्या हातून बिघडेल या भीतीने मी बोलता येत नाही असे सांगितले. गेल्या गुरुवारी त्या चांगल्या, निर्दोष तरुण शिक्षकाकडे पाहताना मला त्याचा हेवा वाटला, चक्क हेवा, आणि त्याचा पश्चात्ताप मला अजून झालेला नाही. होकार गेला आहे, बाई: मंगळवार, पंचवीस नोव्हेंबर, दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी.